आग वाढवण्याचे यंत्र

आमच्या वसाहतीत आग लागायला कार्यकारिणीची मंजुरी नव्हती. तरीसुद्धा त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात ती प्रेमिलाबाई देवतळ्यांच्या स्वयंपाकघरात लागली. स्टोव्हला पिन मारताना भडका उडाला, वरच्या दोरीवरचा टॉवेल पेटला आणि टॉवेलावरून आग फळीवरच्या कागदांना भिडली. प्रेमिलाबाईंनी माठाखालचं ओलं पोतं उचललं, आगीवर दाणकन टाकलं, वरून दोनदा पायाने दाबलं आणि पुन्हा पिन शोधायला लागल्या. कार्यकारिणीचे सदस्य बूट घालून पोचले तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या.

प्रकार गंभीर होता. आग लागली म्हणून नव्हे, ती परस्पर विझली म्हणून. नागपुरात धरमपेठेच्या पलीकडच्या आमच्या 'सद्भाव कर्मचारी गृहनिर्माण संस्थे'त कडुनिंबाची फांदी तोडायची झाली तरी ठराव लागत असे. अध्यक्ष मनोहरराव हे सिव्हिल लाइन्समधल्या एका मोठ्या कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त अधीक्षक चालू अधीक्षकापेक्षा जास्त कडक असतो, कारण आता त्याच्यावर कोणी नसतं. त्यांनी तातडीची सभा बोलावली.

"आज पोतं ओलं होतं," ते म्हणाले. "उद्या कोरडं असलं तर?"

याला सभेत कोणाकडे उत्तर नव्हतं. प्रेमिलाबाईंकडे होतं, पण त्या सभासद नव्हत्या. सभासद त्यांचे यजमान होते, आणि ते आगीच्या वेळी दाढी करत होते.

तेव्हा असं ठरलं की वसाहतीसाठी एक रीतसर अग्निशामक यंत्र मागवावं, आणि ते सांभाळायला एक उपसमिती नेमावी. उपसमितीचे प्रमुख म्हणून मार्तंडराव पांढरीपांडे यांची एकमताने निवड झाली, कारण ते त्या दिवशी गैरहजर होते.

यथावकाश यंत्र आलं. लालभडक, निमुळतं, एका टोकाला पितळी बोंड आणि बाजूला तोटी. मार्तंडरावांच्या बैठकीत, रेडिओ आणि कालनिर्णयाच्या मधोमध, ते खुंटीला टांगण्यात आलं. त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई यांनी रेडिओला विणलं होतं तसंच क्रोशाचं झाकण यंत्रालाही विणलं आणि पहिल्याच शुक्रवारी त्याला हळदकुंकू वाहिलं. आलेगेले लोक विचारत, "हे काय हो?" मार्तंडराव सांगत, "संस्थेचं आहे." एवढ्याने लोकांचं समाधान होत असे. संस्थेचं म्हटलं की वस्तू कशाला असते हे आपल्याकडे कोणी विचारत नाही.

अडचण एकच होती. यंत्रावरच्या सूचना इंग्रजीत होत्या. मार्तंडरावांची मुलगी उत्तरा रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली. तिने त्या वाचल्या आणि वडिलांना सोप्या भाषेत समजावलं. "बाबा, आत सोड्याचं पाणी आहे आणि एका काचेच्या बाटलीत आम्ल. आपटलं की बाटली फुटते, दोन्ही मिसळून वायू होतो आणि तो पाण्याला जोरात बाहेर ढकलतो. एकदा सुरू झालं की थांबत नाही. आणि एकदा संपलं की पुन्हा भरून आणेपर्यंत नुसता डबा." मग तिने पाटीसाठी मराठी मजकूरही करून दिला: यंत्र भिंतीवरून काढा. उलटं करा. बोंड फरशीवर आपटा. धार ज्वाळांवर नको, आगीच्या बुडाशी धरा. आग विझवा.

हा मजकूर सभेपुढे आला तेव्हा पहिला आक्षेप मनोहररावांनीच घेतला.

"कळतं आहे," ते म्हणाले, "पण मग हे सरकारी वाटत नाही."

दुसरा आक्षेप 'उलटं करा' याला आला. संस्थेची वस्तू उलटी करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न निघाला. तिसरा आक्षेप एका ज्येष्ठ सभासदांचा होता. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून पुन्हा पुन्हा वाचला आणि विचारलं, "आपटा हे ठीक आहे, पण आपटा मिळतो दसऱ्याला. आग लागली मे महिन्यात, तर पानं आणायची कुठून?" त्यांना समजावून सांगेपर्यंत चहा आला. चहानंतर 'आपटा' हा शब्द संदिग्ध ठरवून वगळण्यात आला.

मात्र खरा पेच 'विझवा' या शब्दाने घातला, आणि तो घालणाऱ्या अरुंधतीबाई होत्या. त्याला कारण होतं. त्याच महिन्यात उत्तराचं लग्न ठरलं होतं. मुलगा जवळच्याच मौदा गावचा, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, बोलायला कमी आणि ऐकायला चांगला. उत्तराला तो मनापासून आवडला होता. बघण्याच्या कार्यक्रमात त्याने तिला पोहे कोणी केले हे विचारलं नाही, आम्ल आणि अल्कली यांतला फरक विचारला, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकलं. असा मुलगा पुन्हा मिळणार नाही हे तिला कळलं होतं.

मुलाची आई इंदुताई मात्र शकुनाच्या बाबतीत जबरदस्त. साखरपुड्याला येताना मांजर आडवं गेलं, तर त्या गाडी फिरवून मौद्याला परत गेल्या होत्या आणि नव्याने निघाल्या होत्या. याआधी एका चांगल्या घरच्या मुलीला त्यांनी नकार दिला, कारण निरोप घेताना ती 'येते' म्हणण्याऐवजी 'जाते' म्हणाली होती. अरुंधतीबाईंनी ही हकिगत ऐकली आणि त्या दिवसापासून घराची भाषाच बदलली. तांदूळ संपत नसत, वाढत. बांगडी फुटत नसे, वाढत असे. देवाजवळचा दिवा मोठा होई. अशा घरात, ऐन बैठकीत, पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर 'विझवा' असं लिहिलेली पाटी?

"माझ्या घरात ते अक्षर नको," त्यांनी मार्तंडरावांना बजावलं. "उद्या विहिणबाई आल्या आणि त्यांनी वाचलं तर? पोरीचं लग्न मोडायला तुमची ती पाटी पुरे आहे."

मार्तंडरावांनी हे सभेला सांगितलं. सभेत बहुतेकजण मुलींचे बाप होते, ते लगेच दुसरा शब्द शोधायला लागले. कोणीतरी 'शांत करा' असं सुचवलं, पण माणूस गेला की आपण तो शांत झाला म्हणतो, हे लक्षात येऊन त्यांनीच जीभ चावली.

एकट्या गजभिये सरांनी विरोध केला. ते शाळेत विज्ञान शिकवत. छप्पन्न साली दीक्षाभूमीवर आई-वडिलांचं बोट धरून गेलेला माणूस, स्वभावाने मिस्कील. "तुम्हाला विझणं अशुभ वाटत असेल तर ते आमच्या नावावर टाका," ते म्हणाले. "आमच्या धम्मात तेच सगळ्यात मोठं मंगल आहे. निब्बाण म्हणजे दुसरं काय? आग विझणं. मी पाटीखाली सही करतो."

श्री. गजभिये यांच्या सूचनेचा आदरपूर्वक उल्लेख करण्यात आला आणि ती बाजूला ठेवण्यात आली.

अखेर मनोहररावांनी तोडगा काढला. "आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फोडत नाही, वाढवतो. मग आगच तेवढी काहून विझवून राहिलो? तीही वाढवू."

"मनोहरराव," गजभिये सर म्हणाले, "आग वाढवा म्हटलं तर माझी सहावीतली पोरं लाकडं आणतील."

"सहावीतलं कोणी आपलं सभासद नाही," मनोहरराव म्हणाले आणि ठराव मंजूर झाला.

मजकूर त्यांनी स्वतः लिहिला, आणि लिहिताना त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच तरुण वाटलं: 'अग्नी प्रदीप्त झाल्याचे निदर्शनास आल्यास सदर यंत्राच्या साहाय्याने तो त्वरित वाढवावा व तसे अध्यक्षांस कळवावे.' पेंटरकडून तो सुबक अक्षरांत रंगवून घेतला आणि यंत्रावर चिकटवला. यंत्रावर मोकळी जागा एकच होती, इंग्रजी सूचनांची. ती त्याखाली झाकली गेली.

आता फक्त उद्घाटन उरलं होतं. उद्घाटनाशिवाय यंत्र वापरता येत नाही, हे मनोहररावांनी स्पष्ट केलं. आग लागली तरी? लागली तरी. त्यांच्या मते आगीला थोडं थांबता येतं, प्रथा मोडता येत नाही.

उद्घाटनाला एका मोठ्या खात्याचे उपसंचालक मिळाले. खातं कोणतं हे कोणी विचारलं नाही, कारण जीप सरकारी होती आणि तेवढं पुरेसं होतं. साहेबांना मोकळा दिवस एकच होता. तो नेमका उत्तराच्या हळदीचा निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न, आणि वऱ्हाड आदल्या संध्याकाळीच मौद्याहून येणार होतं.

मार्तंडराव हात जोडून म्हणाले, "मनोहरराव, दिवस बदला. घरात कार्य आहे."

"म्हणूनच तर!" मनोहरराव म्हणाले. "मांडव आहे. खुर्च्या आहेत. चहा आहे, माणसं आहेत. वरून विहिणबाईंसमोर तुमच्या दारी सरकारी साहेब येऊन राहिले. आग तेवढी आपल्याला आणायची आहे."

साहेबांनी पाचची वेळ दिली होती. त्याप्रमाणे बरोबर पाच वाजता प्रात्यक्षिकाची आग पेटवण्यात आली. आधी ती मार्तंडरावांच्या घरासमोरच्या मैदानाच्या पार टोकाला ठरली होती. पण फोटोग्राफर म्हणाला की तिथून फोटोत संस्थेचं नाव येत नाही, आणि नाव मांडवाच्या तोंडावर कापडी फलकावर होतं: 'अग्निसुरक्षा समारंभ'. तेव्हा आग मांडवाजवळ आणण्यात आली. यंत्र शेजारी टेबलावर, क्रोशाच्या झाकणासह, हार घालून ठेवलं होतं.

पाच वाजले, साहेब आले नाहीत. आग मात्र आली होती, आणि तिला वाट पाहायची सवय नव्हती. ती विझायला लागली. मुख्य पाहुणे येण्याआधी आग विझली तर ते कशाचं उद्घाटन करणार? मनोहररावांनी स्वयंपाकाची लाकडं आणायला सांगितली. तशी मांडवामागे बुंदी पाडत बसलेला आचारी धोंडबा झारा हातात घेऊनच धावत आला.

"काय जी मनोहरराव, माही लाकडं काहून नेऊन राहिले?"

"प्रात्यक्षिकाला, धोंडबा. साहेब येईपर्यंत आग टिकली पाहिजे."

"मंग साहेबाले बलवा ना लवकर! माहा घाणा खोळंबून राहिला न जी. वऱ्हाडाले काय मी कच्चं बेसन चारू?"

"तुला सरकारी कामातलं कळत नाही, धोंडबा."

"सरकारी काम काय, आग त आगच हाय," धोंडबा म्हणाला आणि कपाळाला हात लावून परत गेला.

लाकडं संपली. मग घराघरातून काही ना काही निघायला लागलं. तुटकी स्टुलं आली, वाळवी लागलेलं कपाट आलं, भिवापुरी मिरचीची रिकामी पोती आली आणि पेटताच सगळ्यांना ठसका लागला. एका गृहस्थांनी सासऱ्यांनी दिलेली आरामखुर्ची आणून टाकली आणि ती जळताना इतक्या समाधानाने पाहिलं, की त्यांच्या सौभाग्यवती उठून आत गेल्या. वसाहतीत इतकी एकजूट आम्ही गणेशोत्सवातही पाहिली नव्हती. साहेबांची जीप काही दिसेना. आग डोक्याच्या वर गेली.

तेवढ्यात मौद्याचं वऱ्हाड आलं. इंदुताई ट्रकच्या केबिनमधून उतरल्या, उजवा पाय आधी टेकवून. अरुंधतीबाई आरतीचं तबक घेऊन पुढे झाल्या. आणि नागपूरच्या मे महिन्यात संध्याकाळी उठतो तसा वारा उठला. आगीतली एक ठिणगी मांडवाच्या झालरीला लागली. झालर उन्हाने कडकडीत वाळलेली. पापडासारखी पेटली.

"आग!" कोणीतरी ओरडलं. पुढचा शब्द सगळ्यांच्या तोंडात आला होता. पण समोर विहिणबाई उभ्या होत्या, आणि अरुंधतीबाई तबक हातात धरून आम्हा सर्वांकडे अशा नजरेने पाहत होत्या की तो शब्द आम्ही गिळला.

"वाढवा!" मनोहरराव ओरडले. "आग वाढवा!"

"वाढवा! वाढवा!" आम्ही सगळे ओरडलो.

धोंडबाने मागून आवाज दिला, "आणून राहिलो, आणून राहिलो!" उरलीसुरली लाकडं कवेत घेऊन तो आला आणि त्याने ती आगीवर टाकली. "आधीच सांगतलं होतं ना का कमी पडते म्हणून!"

पंगतीचे वाढपी धावले. त्यांना एवढंच कळलं होतं की मांडवात कोणीतरी वाढायला सांगतंय. एकाच्या हातात बुंदीचं घमेलं, एकाच्या हातात मठ्ठ्याची काठोकाठ भरलेली बादली. बादलीवाला पेटलेल्या झालरीखाली उभा राहून कळकळीने विचारत होता, "कोणाले वाढू? सांगा ना जी, कोणाले वाढू?"

मार्तंडराव यंत्राकडे धावले. उपसमितीचे प्रमुख म्हणून त्यांना आपली जबाबदारी कळत होती. त्यांनी झाकण काढलं, हार बाजूला केला, चष्मा लावला आणि सूचना मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी ती पुन्हा वाचली. त्यात यंत्र धरायचं कसं, हेही नव्हतं.

उत्तरा आतल्या खिडकीतून हे पाहत होती. तोंडाला, हातांना हळद, कपाळाला मुंडावळ्या. हळद लागलेल्या मुलीने उंबरठा ओलांडायचा नसतो. "बाहेर नको जाऊ वं, उत्तरे!" अशी आत्याची हाक येईपर्यंत ती टेबलापाशी पोचली होती. वडिलांच्या हातातून तिने यंत्र घेतलं, उलटं केलं आणि बोंड ओट्याच्या फरशीवर दणकन आपटलं.

"अरे विझवा म्हणा! विझवा!" ती ओरडली. "जीभ झडली का तुमची सगळ्यांची?"

तोटीतून फसफसून धार सुटली. तिने आधी झालरीच्या बुडाशी धरली, मग खालच्या लाकडांच्या. उरलेल्या पाण्यात ती मोठी आगही भिजून धुरायला लागली आणि धोंडबाने तिच्यावर माती लोटली. संपलं. सगळ्या गोष्टीला एखाद्याने मंगलाष्टक म्हणावं इतकाही वेळ लागला नाही.

मांडवातले सगळे दचकले. आग विझली म्हणून नव्हे, शब्द उच्चारला गेला म्हणून.

"पोरगी काय म्हणाली?" इंदुताईंनी विचारलं.

"काही नाही, विहिणबाई," अरुंधतीबाईंनी घाईने तबक पुढे केलं. "वाढवा म्हणाली."

"मले ऐकू येते, बाई."

उत्तराने रिकामं यंत्र खाली ठेवलं. समोर ट्रकला टेकून तो उभा होता, तिने शेवटपर्यंत ऐकणारा म्हणून पसंत केलेला मुलगा, आणि आता तो गेला तर तिला फार वाईट वाटणार होतं. पण आपण खोटं बोललो म्हणून तो राहिला असता, तर तेही तिला नको होतं.

"विझवा म्हटलं," ती म्हणाली. "आणि विझवली."

इंदुताईंनी तोंड उघडलं. त्या काय बोलणार होत्या हे कळायच्या आत फाटकापाशी जीपचा हॉर्न वाजला.

साहेब उतरले. सफारी, काळा चष्मा. त्यांनी मांडवावरून नजर फिरवली आणि विचारलं, "आग कुठे आहे?"

या प्रश्नाने मनोहररावांचा चेहरा उतरला. उभ्या नोकरीत त्यांनी वरिष्ठांसमोर अपुरं प्रकरण ठेवलं नव्हतं. "आत्ता आणतो, साहेब," ते म्हणाले. "आपण चहा घ्या."

"काका," उत्तरा म्हणाली, "आता पेटवू नका. यंत्र रिकामं आहे."

"बेटा, उद्घाटनाला यंत्र भरलेलं लागतं असं कुठे लिहिलं आहे?"

"पण मग विझ..." गजभिये सर बोलायला लागले, तर चार जणांनी त्यांना खाली बसवलं.

लाकडं ओली झाली होती, म्हणून त्यांवर राकेल ओतलं. फलकाखालीच ओतलं, कारण फोटो. साहेबांचं भाषण झालं. आग ही सेवक म्हणून चांगली पण मालक म्हणून वाईट, असं ते म्हणाले आणि हे आम्हाला नवीनच कळल्यासारखं आम्ही माना डोलावल्या. भाषण रंगलं तशी आगही रंगली. मग साहेबांनी यंत्र उचललं. मनोहररावांनी हलकेच ते उलटं करून दिलं. साहेबांनी आपटलं. तोटीतून दोन थेंब आले, तेही साहेबांच्या बुटावर पडले.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"साहेब, असंच धरा," फोटोग्राफर म्हणाला. "जरा हसा."

साहेब हसले. त्यांच्या मागे फलक पेटला. त्यातली 'सुरक्षा' आधी जळाली, 'अग्नि' बराच वेळ टिकला. आम्ही टाळ्या वाजवत होतो, कारण साहेब उभे असताना आधी कोणी थांबायचं हे ठरलं नव्हतं. साहेबांना आणखी एका उद्घाटनाला जायचं होतं. "फार छान आटोक्यात आणलीत," असं म्हणून ते जीपमध्ये बसले. मनोहरराव त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. ते परत आले तेव्हा मांडव नव्हता.

कोणाला काही झालं नाही, हे सांगायला हवं. उत्तरा, तो ट्रकला टेकलेला नवरदेव आणि गजभिये सर यांनी म्हाताऱ्या माणसांना आणि पोराबाळांना आधीच बाहेर काढलं होतं. सरांनी वाढप्याच्या हातातली बादली हिसकली आणि घराच्या दारावरच्या तोरणावर फेकली, म्हणून घर वाचलं. मठ्ठ्यात आलं-जिरं चांगलं होतं, हे नंतर दाराला बसलेल्या माश्यांवरून कळलं.

अरुंधतीबाई पायरीवर बसून रडत होत्या. समोर काळे बांबू उभे होते. इंदुताईंनी लुगड्याच्या पदरावरची काजळी झटकली. सगळी वसाहत त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"मांडव जळाला," त्या म्हणाल्या. "हे काही चांगलं नाही झालं."

अरुंधतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पण पयल्या खेपेला पेटला, तवा नाही जळाला." त्यांनी उत्तराला जवळ बोलावलं. हळद आणि काजळी मिळून तिचा चेहरा विचित्र दिसत होता. "आमचं सैपाकघर कुडाचं आहे, पोरी. चुलीपाशी तुराट्या असतात. आग लागली त विझवजो."

"हो, आई."

"पण म्हणू नको."

उत्तराला हसू आलं. तिने ट्रककडे पाहिलं. तोही हसत होता.

लग्न दुसऱ्या दिवशी वेळेवर लागलं. भर मे महिन्यात सावली फक्त गजभिये सरांच्या अंगणात होती, मोठ्या कडुनिंबाखाली. कौसल्याबाई गजभियांनी पहाटेपासून सडा मारून ठेवला होता आणि खिडकीतला कूलर अंगणाकडे वळवला होता. आमचे काही सभासद एरवी त्यांच्या घरचा चहा 'आत्ताच झाला' म्हणून टाळत. त्या दिवशी त्यांनी कूलरसमोरची जागा धरली ती जेवणं होईपर्यंत सोडली नाही. पाणीही त्यांनी तिथेच मागून घेतलं, दोनदा. लग्न संपल्यावर त्यांचा चहा पुन्हा आत्ताच व्हायला लागला.

कार्यकारिणीने समारंभ यशस्वी झाल्याचा ठराव केला. उद्घाटनापूर्वी यंत्र वापरल्याबद्दल उत्तराकडून खुलासा मागवण्यात आला. तसं पत्र मौद्याच्या पत्त्यावर गेलं. उत्तर आलेलं नाही. रिकामं यंत्र मार्तंडरावांच्या बैठकीत आहे, हार सुकला म्हणून नवा घातला आहे.

फोटो तेवढा चांगला आला. वर्तमानपत्रात शहराच्या पानावर, चांगला मोठा छापला होता. हातात यंत्र धरून साहेब हसताहेत, आणि त्यांच्या मागे अख्खा मांडव पेटलेला आहे. ज्वाळा डोक्यावरून गेलेल्या, बांबू न् बांबू स्पष्ट दिसतो. तुम्हीही तो सकाळी चहा घेताना पाहिलात. पेपर डोळ्यांजवळ नेलात, मग वहिनींना हाक मारलीत, आणि दोघांनी मिळून कप रिकामा होईपर्यंत चर्चा केलीत की ते साहेब कोण असावेत.